बाबांची १८ वर्षांची होडी: ठेवावी की विकावी?

खाडीपलीकडचा
देवगडच्या खाडीत आमची २२ फुटी फायबरची होडी आहे. बाबांनी २००७ साली फंडाच्या पैशांतून घेतली. मागे टांगलेलं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन. बाबा आता ७३चे, गुडघे गेलेत. मी ठाण्यात. गेल्या मोसमात होडी मोजून ९ वेळा पाण्यात गेली, त्यातलीही एक खेप भाचरांना फिरवायला. खर्च काही थांबत नाही: बूड खरवडून रंग, सर्व्हिसिंग, ओढायला माणसं, पेट्रोल-ऑइल, सगळे मिळून ४१ हजार. परवा एकाने इंजिनासकट १ लाख ६० हजार देतो म्हटलं. आई म्हणते देऊन टाक. बाबा म्हणाले, "तुला हवं ते कर," आणि संध्याकाळी जाऊन होडीवर झाकलेले माडाचे झाप नीट करून आले.

माझं मत, ठेवावी. इंजिन अजून दुसऱ्या हिसक्याला सुरू होतं. पटत नसेल तर भांडा.

हिशेबी माणूस
विका. ४१ हजार भागिले ९, खेपेला साडेचार हजार. एवढ्यात तांडेलासकट, म्हणजे चालवणाऱ्यासकट, दुसऱ्याची होडी मिळेल, तुम्ही मांडी घालून गळ टाका. परतताना लिलावातून सुरमई घ्या आणि घरी सांगा मीच पकडली. दुसऱ्या हिसक्याला सुरू होतंय म्हणूनच आज गिऱ्हाईक आहे. दहाव्या हिसक्याला यायला लागलं की भंगारवाला येईल.

तांडेलाची लेक
हिशेबी, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण होडी अजून कुणी तपासलीच नाही. वयावर जाऊ नका. फायबर १८ वर्षांत मरत नाही, आत लपलेलं लाकूड मरतं. इंजिन टांगतात ती मागची फळी बघा. वरून फायबर, आत बहुतेक प्लायवुड. बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि आत भुसा होतो, बाहेरून रंग झकास. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजलं तर लाकूड जिवंत, थप्प वाजलं तर गेलं. मग इंजिनाच्या पायावर जोर देऊन बघा, फळी लवते का.

दुसरं, गिअर ऑइल. खालचा स्क्रू काढून थोडं वाटीत घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय, आत पाणी जातंय. नुसतं सील असेल तर खर्च फार नाही. तसंच चालवलं तर गिअर खाईल.

आणि 'जुनं इंजिन काढून नवीन फोर-स्ट्रोक लावा' असा सल्ला कुणी दिला तर आधी वजन विचारा. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक वीसेक किलो तरी जड असतं. अर्धमेल्या फळीवर ते टांगायचं? दोन्ही परीक्षांत पास झाली तर खुशाल ठेवा.

किनाऱ्यावरचा
पास झाली तरी विका. ओहोटीला खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडलं तर पाणी थेट बाहेर समुद्रात नेतं. ७३ वर्षांचा माणूस एकटा नांगर टाकणार, की दोरी ओढणार? त्यात ती नसती कागदपत्रं. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर छोट्या होड्यांचीही चौकशी वाढली. आमच्या काकांनी होडी शेजारच्या पोरांना 'वापरा रे' म्हणून दिली होती. पोरांनी दिवाळीत पर्यटक भरले, लाइफ जॅकेट एकही नाही. पकडले गेले. नोंदणी काकांच्या नावावर, खेटे काकांना. तुम्ही ठाण्यातून कुणाकुणावर लक्ष ठेवणार?

खाडीपलीकडचा
बाबा एकटे जात नाहीत हो, शेजारचा मुलगा बरोबर असतो.

किनाऱ्यावरचा
९ही वेळा होता?

आवशीचो झील
माका विचारशाल तर, पाण्यात असा तवसर होडी. वर काढून ठेवलास की नुसतो सांगाडो. ठेवा नायतर विका, पण झापाखाली ठेव नको.

मासळीबाजार
विकायचं ठरलंच तर मे महिन्यात नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, घेणाऱ्याला दोन महिने नुसती राखत बसावी लागते, म्हणून भाव पाडतो. जुलै संपताना दाखवा.

खाडीपलीकडचा
रविवारी गावी जाऊन आलो. मुठीने ठोकलं. उजवीकडे टणटण, डावीकडे वीतभर जागेत थप्प. खाली वाकून बघितलं तर एका बोल्टाच्या भोकात एम-सील भरलेलं, वरून निळ्या रंगाचा हात. म्हणजे बाबांना ठाऊक होतं. गिअर ऑइल मात्र स्वच्छ निघालं. दर खेपेनंतर ते इंजिन पिंपातल्या गोड्या पाण्यात चालवून धुतात, तिथे कधी चुकले नाहीत.

हिशेबी माणूस
मग इंजिन वेगळं विका, चांगला भाव येईल. आणि एम-सीलचं गिऱ्हाईकाला आधीच सांगा. नाहीतर तोही मूठ घेऊन येईल.

तांडेलाची लेक
वीतभर म्हणजे फार नाही. तेवढा भाग कापून नवीन लाकूड बसवतात, वर फायबर. आमच्याकडे केलंय, अजून टिकून आहे. पण बाबांसोबत जाणारं माणूस नक्की नसेल तर मी किनाऱ्यावरच्यांच्या बाजूने. पहिल्यांदाच.

खाडीपलीकडचा
काल फोनवर बाबांना म्हटलं, गिऱ्हाईक शनिवारी बघायला येतंय. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भरतीला बोलाव. ओहोटीला चिखलात कलंडलेली असते, बरी दिसत नाही."