विषय: जीवनगौरव पुरस्कार, तीन नावं आणि इंदूरची अरण्य

नमस्कार मंडळी,

यंदाचा जीवनगौरव आर्किटेक्टला द्यायचा हे मागच्या मीटिंगमध्ये ठरलंच आहे. नावं तीन आलीत, तिघांच्या कामाचे पीडीएफ जोडलेत. रविवारपर्यंत मत कळवा म्हणजे मानचिन्हाची ऑर्डर देता येईल.

– सेक्रेटरी

——

ताई, नमस्कार. मी सध्या इंदूरला आईकडे आलोय, पीडीएफ काल रात्री तिन्ही बघितले. फोटो सुंदर आहेत, पण सगळे पझेशनच्या आधी काढलेले, एका गॅलरीत वाळत घातलेला टॉवेलसुद्धा दिसत नाही, मग तिथे राहणाऱ्यांचं कसं चाललंय हे आपल्याला कळणार कुठून?

म्हणून आज सकाळी मामाला गाडीवर बसवून अरण्यला गेलो, म्हणजे इथल्या कमी खर्चाच्या घरांच्या वसाहतीत. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं हे काम १९८९ चं, आयडीए म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणासाठी केलेलं, आणि १९९५ साली त्याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. दोशी जन्मले पुण्यात, घरचा फर्निचरचा धंदा, शिकले मुंबईला जेजेत, म्हणजे आपल्याला अगदीच परके नाहीत. अरण्यचा एकूण पसारा साडेसहा हजार घरांचा, पण नमुना म्हणून बांधून दाखवली फक्त ८०. बाकी गरीब कुटुंबांना ३५ चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं, संडास-न्हाणी आणि पाणी-ड्रेनेजचं कनेक्शन एवढंच, पुढचं घर ज्याने त्याने पैसे जमतील तसं वाढवायचं. आणि ही घरं कडेला ढकललेली नाहीत बरं का, प्रत्येक सेक्टरच्या मधोमध आहेत, ऐपतवाल्यांचे मोठे प्लॉट बाहेरच्या अंगाला.

एका गल्लीत एक आजी ओटल्यावर मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या घराला बाहेरून जिना, पायऱ्यांना उरलेल्या लाद्यांचे तुकडे लावलेले, एक हिरवी, दोन लाल, एकीवर स्वस्तिक. म्हणाल्या, खालची खोली सासऱ्यांनी बांधली, वरची आम्ही मुलाच्या लग्नाच्या वेळी काढली, आणि जिना बाहेरून असल्यामुळे वरच्या खोलीत भाडेकरू ठेवता आला, त्याच भाड्यावर नातीची फी निघाली. मामा आयुष्यभर ड्राफ्ट्समन होता, तो त्या जिन्याकडे बघतच राहिला. मूळच्या बऱ्याच लोकांनी प्लॉट विकले हेही त्या आजींनीच सांगितलं, ते लपवायचं कारण नाही. पण गल्लीत सावली होती, पोरं खेळत होती, ओटले भरलेले होते.

माझं म्हणणं एवढंच की जीवनगौरव आहे तर तिघांचं प्रत्येकी एक तरी वीस-पंचवीस वर्षं वापरातलं काम आपल्यातल्या कुणीतरी जाऊन बघावं. आगाखानवालेसुद्धा जाणकार माणसं जागेवर पाठवतात आणि मगच ठरवतात. आपण राहणाऱ्यांना तीन गोष्टी विचारूया, पावसात गळतं का, उन्हाळ्यात दुपारी कुठल्या खोलीत बसता, आणि राहायला आल्यापासून काय काय बदललंत. यादीतल्या इंदूरच्या आर्किटेक्टची जुनी कॉलनी आईच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, ती मी बघतो.

——

मला पटलं, पण एक सांगते, याच्यात वर्ष घालवू नका. दोशींना प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला जगातला मोठा पुरस्कार, मिळाला २०१८ साली, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते, आणि पद्मविभूषण जाहीर झालं २५ जानेवारी २०२३ ला, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी. आपल्या तिघांपैकी दोघं ऐंशीच्या पुढचे आहेत. हार गळ्यात घालायचा आहे, फोटोला नाही.

यादीतल्या पुण्याच्या आर्किटेक्टची सोसायटी माझी जाऊ शनिवारी बघून येईल, ती तिथून दोन स्टॉपवर राहते, आणि ती गळतीचं बरोब्बर विचारेल, तिच्या स्वतःच्या घरात तीन पावसाळे गेलेत त्यात.

——

ठीक आहे, रविवारची मुदत रद्द, महिनाअखेर धरा. मानचिन्ह थांबवलंय. राहिलं तिसरं, नाशिकचं काम, तिथे कुणाचं कोण आहे ते प्लीज आजच कळवा.

– सेक्रेटरी