पार्किन्सन्समध्ये आवाज खोल गेलाय, स्पीच थेरपीत नेमकं काय करतात?

शेवंती: वडिलांना (वय ७१) पार्किन्सन्स आहे. गोळ्यांनी चालणं सुधारलं, पण बोलणं पुटपुटल्यासारखं. फोनवर तर काहीच कळत नाही. मोठ्याने बोला म्हटलं की "ओरडतोय की!" म्हणतात. डोस वाढवून फरक पडेल का? रोज ओंकार केला तर?

कंठस्थ: लेवोडोपाचा (पार्किन्सन्सच्या गोळ्यांमधलं मुख्य औषध) बोलण्यावरचा परिणाम भरवशाचा नसतो, त्यामुळे नुसत्या आवाजासाठी डोस वाढवण्यात फारसा अर्थ नाही. "ओरडतोय की" हीच खरी गोम आहे. आपला आवाज किती मोठा आहे याचा मेंदूचा अंदाजच चुकतो. 'एलएसव्हीटी लाउड' ही थेरपी त्यावरच काम करते. रोज १ तास, आठवड्यातून ४ दिवस, ४ आठवडे, म्हणजे १६ सत्रं. पहिला अर्धा तास ठरलेला: भरपूर श्वास घेऊन मोठा 'आऽऽ' जमेल तितका लांबवायचा, १५ वेळा, मग तोच सूर वर चढवत आणि खाली उतरवत, १५-१५ वेळा, मग रोजची १० वाक्यं ("माझी गोळी कुठंय?", "चहा टाक गं") ५-५ वेळा. उरलेला वेळ वाचन आणि गप्पा. सूचना एकच, 'मोठ्याने'. स्पष्ट बोला, हळू बोला, तोंड उघडा असं सगळं एकदम सांगितलं की गाडी अडते. ओंकार करू द्या, पण तो आवाज गप्पांत उतरत नाही, तिथेच घोडं अडतं.

रुईचं पान: सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने बघून घ्या. सत्राची वेळ गोळीचा असर असतानाची ठेवा. मोबाइलवरचं डेसिबल ॲप चालतं, पण फोन तोच आणि तोंडापासून दरवेळी ३० सेंमीवर. आकडा फक्त स्वतःच्या कालच्या आकड्याशी ताडायचा. मानेच्या शिरा ताणल्या किंवा आवाज घोगरा झाला तर थांबा, जोर गळ्यातून लागतोय. १६ सत्रांनंतर घरचा सराव सुटला की आवाज पुन्हा खोल जातो.

शेवंती: वाक्याच्या शेवटी शेवटी शब्द एकमेकांवर धडकतात, ते?

कंठस्थ: त्याला नुसता मोठा आवाज पुरत नाही. पुठ्ठ्यावर ओळीत ६ चौकोन आखा, दर शब्दाला एका चौकोनावर बोट टेकवायचं. आणि चहा-पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर गिळण्याची तपासणी आधी. आईंचे कानही तपासून घ्या, त्यांनाच कमी ऐकू येत असेल. अर्धी भांडणं तिथली असतात.