द्राक्षछाटणीला बॅटरीची कात्री: खरडीला चालेल, फळछाटणीला नको

निफाडकर
ऑक्टोबरची फळछाटणी तोंडावर आलीये आणि दुकानदारापासून मेहुण्यापर्यंत जो तो बॅटरीच्या कात्रीचा प्रचारक झालाय. एप्रिलच्या खरड छाटणीला खुशाल वापरा. तिथे ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एखादा डोळा, म्हणजे फूट निघायची जागा, राखून सगळ्या काड्या उडवायच्या. डोकं कमी, मनगट जास्त. फळछाटणीचं तसं नाही. सबकेन (काडी खुडल्यावर तिच्यावर फुटलेली पोटकाडी) असेल तर तिच्या गाठीच्या पुढे एक-दोन डोळे, सरळ काडी असेल तर डोळे तपासणीत घड कुठे दिसला त्याप्रमाणे. प्रत्येक काडीपाशी जरा थांबावं लागतं. हातकात्री दाबेपर्यंत नजर गाठ शोधते. बॅटरीच्या कात्रीत ट्रिगरला बोट लागलं की काडी खाली. त्यात छाटणी एकरावर उक्ती, मजुरांच्या टोळीला पुढची बाग गाठायची घाई. घडाचा डोळा बांधावर पडला की मग डोळे फुटायची पेस्ट कितीही मन लावून करा.

तासगावचा_पाटील
म्हणजे दोष उक्त्या कामाचा, आणि फाशी कात्रीला? टोळी हातकात्रीनेही चुकीचा डोळा कापतेच की. मी पहिल्या ओळी टोळीबरोबर स्वतः छाटतो, मगच बाग ताब्यात देतो. वेगाचा फायदा तुम्ही मोजलाच नाही. छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत पेस्ट लागली पाहिजे. छाटणी रेंगाळली की फूट पुढे-मागे. मग अर्धी बाग फुलोऱ्यात, अर्धी पोंग्यात (नुकत्या फुटीत), आणि वर पाऊस आला तर डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) फवारण्या नेमक्या कुणाच्या हिशेबाने घ्यायच्या?

सुरगाण्याचा_पोर
मी आई-बापाबरोबर छाटणीला जायचो. मालक लोक डोळ्यांवर एवढं बोलतात, हातावर कोणीच नाही. अंगठ्याच्या बुडाशी फोड येतो, तो फुटतो, त्यावर चिंधी बांधून परत कात्री. संध्याकाळी मूठ मिटत नाही. त्यामुळे मशीन नको असं मी म्हणणार नाही. पण दुसरी बाजू ऐका. काडी डाव्या हातात धरलेली असते. हातकात्री चुकली तर कातडी फाटते, माणूस ओरडतो, थांबतो. २५-३० मिमीचं लाकूड कापणारी वस्तू बोटाशी थांबत नाही. तेव्हा दवाखाना कोणाच्या खिशातून?

निफाडकर
घ्या. हा माझ्याच बाजूचा मुद्दा झाला.

सुरगाण्याचा_पोर
तुमच्या बाजूचा नाही साहेब. तुम्हाला डोळ्याची काळजी, मला बोटाची.

दिंडोरीची_नंदा
तुमची सगळी चर्चा टोळी गृहीत धरून चाललीये. आमची दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षं, हंगामात टोळी आधी मोठ्या बागांना जाते. बॅटरीची कात्री आल्यापासून मी आणि जाऊबाई दोघीच छाटतो. घाई नाही, डोळे मोजूनच कापतो. जड आहे, हे खरं. किलोभर वजन हात वर करून धरायचं म्हणजे दुपारनंतर खांदा बोलतो. बोटं वाचतात, खांदा जातो, असा सौदा आहे.

सटाण्याचा_डाळिंबवाला
द्राक्षवाल्यांनो, आमच्याकडे हे खूळ पाठवू नका. डाळिंबाचा तेल्या रोग कात्रीवरून झाडाझाडाला जातो. हातकात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या बादलीत बुडवायची, हा नियम. मोटर असलेलं तोंड बादलीत बुडवणार का? फडक्याने पुसतो म्हणणारे भेटलेत. दहा झाडं पुसतात, अकराव्याला फडकं खिशात.

तासगावचा_पाटील
डाळिंबाचं मान्य. द्राक्षात मात्र मी घेणार. पोरा, कात्री माझी, पातं तुटलं तर माझं, डाव्या हाताला जाड हातमोजा माझा. एकरी दर गेल्या वर्षीचाच.

सुरगाण्याचा_पोर
हे टोळीच्या मुकादमाला छाटणीआधी लिहून द्या. दर नंतर कसा उतरतो ते आम्हाला माहितीये.

दिंडोरीची_नंदा
पाटील, दुसरी बॅटरी बरोबर घ्याच. आमच्याकडे दिवसाची लाइट नसली की कात्री पिशवीत आणि जुनी परत हातात.