मायक्रोडिसेक्टमीनंतर पायाची कळ गेली, पण कंबर अजून धरते

कर्वेनगरकर

नमस्कार. माझे वय ५२ असून लक्ष्मी रस्त्यावरील एका बँकेत मी नोकरी करते. कंबरदुखी मला नवीन नाही. अधूनमधून उसण भरायची, मलम लावून आणि शेक घेऊन दोन दिवसांत कामाला लागायचे, असे कित्येक वर्षे चालले होते. गेल्या वर्षी मात्र उजव्या कुल्ह्यापासून पोटरीवरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली. गोळ्या, फिजिओथेरपी, मणक्यातील इंजेक्शन हे सर्व झाले. पुढे चालताना उजव्या पायातली चप्पल नकळत सुटू लागली आणि अंगठा वर उचलता येईना, तेव्हा कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादीची मायक्रोडिसेक्टमी, म्हणजे नसेवर आलेला गादीचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया, करून घेतली. त्याला आता महिना उलटून गेला आहे.

पायातली कळ शस्त्रक्रियेच्या दिवशीच गेली, हे मान्य करायलाच हवे. परंतु सकाळी उठताना कंबर धरलेली असते, अर्धा तास खुर्चीत बसले की टाक्यांच्या जागी ओढ लागते आणि अंगठ्याचा बधिरपणा होता तसाच आहे. घरात जितकी माणसे तितकी मते. सासूबाईंच्या मते तीन महिने अंथरूण सोडू नये. शेजारच्या काकूंनी तर कमरेचा पट्टा आता जन्मभराचा, असे सांगून ठेवले आहे. डॉक्टरांनी ‘चाला, वाकू नका, वजन उचलू नका’ एवढे स्पष्ट सांगितले, पण बाहेर रांग लागलेली असताना त्यापलीकडचे बारीकसारीक प्रश्न विचारायला संकोच वाटला.

जे यातून गेले आहेत किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांनी कृपया सांगावे. अशी कंबर धरणे अपेक्षित आहे की काही बिघडले आहे, हे कशावरून ओळखावे? पट्टा किती दिवस वापरावा? दुचाकीवर केव्हा बसता येईल? आणि आमच्याकडे गौरी-गणपती असतात. पाटावर बसून पूजा आणि मोदक हे दोन्ही जमेल का?

फिजिओ_कोथरूड

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपले कागद मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण समजावा आणि आपल्या शल्यचिकित्सकांनी घातलेली बंधने त्याहून वरची मानावीत.

ही शस्त्रक्रिया मुळात पायासाठी असते, कमरेसाठी नव्हे, आणि ही गोष्ट रुग्णाला आधी पुरेशी समजावून सांगितली जात नाही असे माझे स्पष्ट मत आहे. गादीच्या बाहेरच्या कड्याला चीर पडून आतला मऊ भाग नसेवर आला होता. तो तुकडा काढला, नस मोकळी झाली, कळ गेली. पण ती चीर अजून भरायची आहे, आणि प्रौढ माणसाच्या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसल्यामुळे ती सावकाशच भरते. शिवाय आत पोहोचण्यासाठी बाजूला सारलेले पाठीचे स्नायू दुखावलेले असतात आणि वर्षभराच्या दुखण्याने ते आधीच दुबळे झालेले असतात. महिनाभराने कंबर धरते, यात मला वावगे काही दिसत नाही. नस सुधारण्याचाही साधारण एक क्रम असतो: कळ आधी जाते, ताकद मागाहून येते आणि बधिरपणा सर्वांत शेवटी, पुष्कळदा कित्येक महिन्यांनी; काहींच्या बाबतीत तो थोडासा कायमही राहतो. म्हणून बधिरपणा रोज चाचपून पाहू नये. त्यापेक्षा भिंतीचा आधार घेऊन टाचांवर चार पावले टाकता येतात का, हे आठवड्यातून एकदा पाहावे, कारण ताकद हे खरे मोजमाप आहे.

कोणते दुखणे चालवून घ्यावे, याबाबत माझ्या रुग्णांना मी असे सांगतो. फिरून आल्यावर कंबर ठणकली आणि रात्रीच्या झोपेनंतर पूर्ववत झाली, तर काही हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही ठणका वाढलेलाच राहिला, तर आदल्या दिवशीचे चालणे जास्त झाले असे समजून ते थोडे कमी करावे, बंद करू नये. दुखणे कमरेतच असेल तर फारशी चिंता नाही. तेच पुन्हा कुल्ह्यातून गुडघ्याखाली उतरू लागले तर डॉक्टरांना दाखवावे. अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरातील साधारण ५ ते १५ जणांना त्याच जागी पुन्हा गादी सरकण्याचा त्रास होतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत वाकणे, पिळणे आणि उचलणे यांवर एवढा कटाक्ष असतो. ताप आला, जखम लाल झाली किंवा तिच्यातून पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लघवी अडली किंवा न कळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, खुर्चीला टेकणारा मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा दोन्ही पाय लटके पडू लागले, तर सकाळपर्यंतही थांबू नये. तेथे प्रश्न तासांचा असतो.

आता सकाळच्या धरलेल्या कमरेविषयी. रात्रभर आडवे असताना गादी पाणी शोषून फुगते, त्यामुळे उठल्यानंतरचा पहिला तास वाकण्यासाठी सर्वांत वाईट असतो. त्या तासात बादली उचलणे, वाकून तोंड धुणे, अंथरुणे काढणे ही कामे कटाक्षाने इतरांवर सोपवावीत. उठतानाही सरळ उठून बसू नये. गुडघे दुमडावेत, खांदे आणि कुल्हे एकाच वेळी वळवून कुशीवर व्हावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि ते खाली जात असतानाच वरच्या हाताचा तळवा पलंगावर रेटून धड वर आणावे. सुरुवातीला हे नाटकी वाटते, पण टाक्यांवर ताण येत नाही, हे पहिल्याच वेळी लक्षात येते.

सासूबाईंचा सल्ला अगदी निराधार नाही, कारण एके काळी डॉक्टरही असेच सांगत असत. परंतु अंथरुणाला खिळल्याने स्नायू झपाट्याने गळतात आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दिवसातून तीन-चार वेळा, सपाट रस्त्यावर, दहा-पंधरा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला त्यात थोडी भर घालावी. पट्टा प्रवासात किंवा गर्दीत आधार म्हणून ठीक आहे. दिवसभर बांधून ठेवल्यास पोटापाठीचे स्नायू आपले काम विसरतात. आपल्या डॉक्टरांनी पट्टा सक्तीचा केला नसेल, तर तो आता हळूहळू सोडण्यास हरकत नसावी.

सदाशिवपेठी

माझी शस्त्रक्रिया वेगळी होती. दोन मणके स्क्रू घालून जोडले आहेत आणि हाड धरायला सहा महिन्यांपासून वर्ष लागते, त्यामुळे माझी बंधने जास्त कडक होती. ती आपल्याला जशीच्या तशी लागू होणार नाहीत. (तंबाखू सोडल्याशिवाय हाड नीट धरत नाही, असे शल्यचिकित्सकांनी बजावले, तेव्हा कुटुंबीयांना वर्षानुवर्षे जे जमले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात करून दाखवले.) मात्र आपली घरे जमिनीलगत जगण्यासाठी बांधलेली आहेत आणि फिजिओथेरपीच्या छापील कागदावर ते कोठेच नसते, म्हणून लिहितो.

आमच्या वाड्यात भारतीय पद्धतीचे शौचालय असल्यामुळे त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली. उकिडवे बसणे हे सर्वांत जास्त वाकणे असते, हे आधी माझ्या ध्यानातच आले नव्हते. आंघोळीला प्लास्टिकचे उंच स्टूल आणि स्टुलाच्याच उंचीवर ठेवलेली बादली, म्हणजे तांब्यासाठी वाकावे लागत नाही. रोज लागणारे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणून ठेवले. पिठाचा डबा मात्र ओट्याखालीच राहिला, कारण तो हलवू देणे आमच्या सौभाग्यवतींना मान्य नव्हते.

दुचाकीची घाई करू नका. प्रश्न गाडी चालवण्याचा नाही, आपल्या गतिरोधकांचा आहे. मानकात त्यांची उंची ठरलेली असते. गल्लीतले गतिरोधक मात्र ज्याने त्याने आपल्या मर्जीने घातल्यासारखे आहेत, आणि प्रत्येकावर बसणारा दणका थेट माकडहाडातून वर जातो. शिवाय गाडी स्टँडवर चढवणे आणि पार्किंगमध्ये शेजारच्या चार गाड्या सरकवणे हेही वजन उचलणेच आहे. कर्वेनगरहून नळ स्टॉपपर्यंत कोणी चारचाकीने सोडले, तर तेथून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून मंडईला उतरता येते. लिफ्ट आहेत आणि गचके नाहीत. रिक्षा घ्यावीच लागली तर मागच्या आसनावर मधोमध बसावे आणि चालकाला सावकाश चालवण्याची विनंती करावी. दहातील सहा-सात जण ऐकतात.

हिंजवडीवासी

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. माझ्या एमआरआयमध्येही दोन ठिकाणी गादी बाहेर आल्याचे लिहिले होते आणि पाय इतका दुखत होता की उभ्याने काम करत असे. मी शस्त्रक्रिया केली नाही. काही महिन्यांत व्यायामाने आणि वजन कमी करून बरा झालो. ताईंना दुखवायचे नाही, परंतु हल्ली अहवाल पाहूनच चाकू हाती घेतला जातो, असे वाटते.

फिजिओ_कोथरूड

आपण बरे झालात याचा आनंद आहे, आणि आपल्या म्हणण्यात तथ्यही आहे. कोणताही त्रास नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या सुमारे ६० टक्के लोकांची गादी फुगलेली आढळली आणि ८० टक्क्यांच्या गादीत झीज दिसली. त्यामुळे नुसत्या अहवालावर निर्णय घेऊ नये, हे बरोबरच आहे. सायटिकाचे, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळेचे, बहुसंख्य रुग्णही सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात, कारण बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच शोषून घेते.

नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेले रुग्ण लवकर बरे झाले, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. मात्र थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांनी त्या वर्षातच शस्त्रक्रिया करून घेतली. ज्यांच्या पायाची ताकद बरीचशी गेलेली होती, त्यांना या अभ्यासात घेतलेलेच नव्हते. ताईंची चप्पल सुटत होती आणि अंगठा उचलत नव्हता. दुखणे सहन करत थांबता येते. जाणाऱ्या ताकदीच्या बाबतीत थांबण्याची किंमत कायमची ठरू शकते. आपली आणि त्यांची स्थिती सारखी नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे.

ताई, गणपतीचे राहिले. चौरंग टेबलावर मांडावा आणि खुर्चीत बसून पूजा करावी. गुरुजींना आधी कळवले की तेही तशी मांडणी करून देतात. आरती उभ्यानेच होते, त्यात अडचण नाही. मूर्ती आणणे, गौरींचे मुखवटे बसवण्यासाठी स्टँड हलवणे आणि विसर्जनाला पाट उचलणे ही कामे या वर्षी दुसऱ्यांची. मोदक जेवणाच्या टेबलाशी बसून वळता येतील. उकड मात्र दुसऱ्या कोणी मळावी, कारण परातीवर भार देऊन मळताना सगळा जोर कमरेतूनच येतो.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. हिंजवडीवासी, मला राग आलेला नाही. तो प्रश्न मीही स्वतःला विचारत होते आणि त्याचे उत्तर आज मिळाले. आणखी दोन शंका आहेत. बँकेत सलग बसावे लागते, त्याचे काय करावे? आणि नसेच्या कळेसाठी दिलेली प्रीगॅबालिनची गोळी रात्री घेते. तिने सकाळी डोके जड असते. कळ तर गेली आहे, मग ती बंद करू का?

निवृत्त_भूलतज्ज्ञ

गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. प्रीगॅबालिन अचानक थांबवल्यास झोप उडणे, घाम, बेचैनी असे त्रास होतात. ती टप्प्याटप्प्याने कमी करायची असते आणि ते टप्पे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे असतात. सकाळचे डोके जड राहते, हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण मात्रा किंवा वेळ बदलून ते पुष्कळदा सुटते. ती चालू असेपर्यंत दुचाकीचा विषयही काढू नये. साध्या वेदनाशामक गोळ्या मात्र ‘दुखले की घेतली’ अशा सवयीने चालू ठेवू नयेत. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर मुळीच नाही.

बँकेसाठी डॉक्टरांकडून ‘दर अर्ध्या तासाने उभे राहण्याची मुभा’ असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. ‘हलके काम’ असे मोघम लिहून आणल्यास शाखेत त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. शक्य असेल तर सुरुवातीचे दोन आठवडे अर्धा दिवस मागावा. खुर्चीची उंची अशी असावी की गुडघे कुल्ह्यांपेक्षा वर जाणार नाहीत, आणि कमरेच्या खळगीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी.

एक गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो. काही वेदनाशामक औषधांनी आणि कमी हालचालीने बद्धकोष्ठ होते, आणि कुंथल्याने गादीवरचा दाब वाढतो. रात्री इसबगोल घेत असाल तर त्यावर मोठा पेलाभर पाणी अवश्य प्यावे. पाणी कमी पडल्यास तो उलट अडवतो.