अनुभव हवेत : ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, मागे कॅरॅव्हॅन लावून

मागच्या जुलैत आम्ही चौघी डार्विनहून निघून कॅथरिन, टिंबर क्रीक, कुनुनरा असं करत ब्रूमला पोचलो. कॉलेजपासूनची मैत्री, दोघी मेलबर्नच्या आणि दोघी पुण्याहून आलेल्या. रस्ता साधारण १९०० किलोमीटरचा, दिवस अकरा, पुढे फोर-व्हील ड्राइव्ह आणि मागे भाड्याची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर. निघण्याआधी दोन महिने व्हिडिओ बघून डोकं पिकवून घेतलं होतं. धबधबे बघितले, ड्रोन बघितले, सूर्यास्त तर इतके बघितले की खरा सूर्यास्त आला तेव्हा आम्ही कांदा चिरत होतो. पण भाजीचं काय करायचं हे एकाही पठ्ठ्यानं सांगितलं नव्हतं.

नॉर्दर्न टेरिटरीतून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेवर चौकी आहे. ताजी फळं, भाज्या, मध, रोपं, बिया काही पलीकडे नेता येत नाही, कारण फळमाशी आणि बाकीची कीड आत येऊ द्यायची नसते. आम्हाला हे कळलं टिंबर क्रीकला, सीमेच्या आदल्या रात्री, आणि मी तर डार्विनला आठवड्याची भाजी भरून ठेवलेली! शिजवलेलं चालतं म्हटल्यावर दोन शेगड्यांवर रात्री साडेदहापर्यंत भेंडी, वांगी, कोबी, दुधी, सगळं परतलं. कॅरॅव्हॅनच्या पडद्यांना पुढे ब्रूमपर्यंत हिंगाचा वास होता.

डार्विनला ओळखीच्यांच्या दारातल्या झाडाचा कढीपत्ता मी ओल्या फडक्यात गुंडाळून जपून आणला होता. चौकीवरच्या बाईंनी सगळे डबे उघडायला लावले. भाज्या हुंगल्या, कौतुकही केलं. फोडणीतला कढीपत्ता चालला, फडक्यातला गेला.

शिवाय सीमा ओलांडली की घड्याळ दीड तास मागे जातं. म्हणजे सकाळी नाश्ता झालेला आणि परत नाश्त्याची वेळ झालेली. आम्हाला वाटलं, चला, वेळ मिळाला. पण कुनुनराला जुलैत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि भाड्याच्या कराराप्रमाणे अंधारात गावाबाहेर गाडी हाकायची नाही, कारण वॉलाबी आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. त्यामुळे मिळालेला दीड तास संध्याकाळी परत गेला.

तर मंडळी, असं काय होतं जे तिथे पोचल्यावरच कळलं? स्थळांची यादी नको, ती सगळीकडे मिळते. बरोबरची माणसं कशी वागली तेही लिहा.

* * *

उनाडटप्पू :

रिव्हर्स!

एवढ्यावर थांबणार होतो, पण सोसलंय म्हणून लिहितो. आम्ही चार मित्र, डार्विन ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, दीड हजार किलोमीटर. पहिल्या दिवशी तीनशेवीस किलोमीटर सरळ चालवून कॅथरिनला कॅरॅव्हॅन पार्कमध्ये शिरलो तेव्हा मी स्वतःला मोठा ड्रायव्हर समजत होतो. मग जागेवर लावायला मागे घ्यायची वेळ आली. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं धूड उजवीकडे जातं, हे भौतिकशास्त्र मला माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं. एक मित्र ओरडतोय ‘येऊ दे, येऊ दे’, दुसरा ‘मार, डावीकडे मार’, आणि तिसरा तुळशीबागेतल्या पार्किंगवाल्यासारखा नुसता पंजा हलवतोय. वर्षातले सहा महिने असेच फिरणारे निवृत्त लोक तिथे असतात, त्यांना ग्रे नोमॅड म्हणतात. त्यांनी खुर्च्या आमच्या बाजूला वळवून घेतल्या. एकानं तर बिअर आणली.

अकराव्या खेपेला त्यांच्यातलेच एक आजोबा उठून आले. म्हणाले, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर, आणि शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात ने. बस. दोन खेपांत लागली. टाळ्या वाजल्या, त्या ऐकून मात्र जीव नकोसा झाला.

दुसरी गोष्ट रोड ट्रेनची. एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर, लांबी ५३.५ मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या चार-पाच एसट्या एकामागे एक. स्टुअर्ट हायवेवर वेगमर्यादा १३०, आम्ही कॅरॅव्हॅनमुळे नव्वदवर. त्यामुळे त्या मागून येणार हे ठरलेलं. गाडीतल्या रेडिओवर (गाण्यांचा नव्हे, वॉकी-टॉकीसारखा बोलायचा) चॅनेल ४० लावून ठेवा, ट्रकवाले त्यावर बोलतात. आम्हाला पहिल्यांदा ओलांडलं तेव्हा आधी कॅरॅव्हॅन बाहेर ढकलल्यासारखी झाली, मग आत ओढली गेली, आणि माझा पाय आपोआप ब्रेककडे निघाला. रेडिओवर आवाज आला, आहे तोच वेग ठेव, ब्रेकला हात लावू नकोस मित्रा. (पाय होता, पण मुद्दा कळला.)

* * *

चहाबाज :

कॅसेट. जुन्या गाण्यांची नव्हे, टॉयलेटची.

तीन जोडपी, दोन कॅरॅव्हॅन, केर्न्स ते डार्विन, सोळा दिवस. कॅरॅव्हॅनच्या संडासाखाली अठरा-वीस लिटरची पेटी असते. ती बाहेरून ओढून काढायची आणि गावागावांत जो डंप पॉइंट असतो तिथे नेऊन रिकामी करायची. पहिले तीन दिवस सगळे ‘मी करतो, मी करतो’. चौथ्या दिवसापासून कुणाला कंबर, कुणाला ऑफिसचा महत्त्वाचा फोन. जिथे रेंजच नाही तिथे फोन!

नॉर्मंटनला १९५७ साली मारलेल्या एका खाऱ्या पाण्यातल्या मगरीची ८.६३ मीटर लांब प्रतिकृती रस्त्याकडेला ठेवलेली आहे. सगळे तिच्या जबड्यात डोकं घालून फोटो काढतात. आम्ही तिच्यापुढे उभे राहून वीस मिनिटं भांडलो. विषय कॅसेटचा होता, पण त्यात २०११ सालच्या एका लग्नातला आहेरही निघाला. शेवटी माझ्या बायकोनं चहाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. रोज सकाळी चहाआधी चिठ्ठी, ज्याची निघेल त्यानं मुकाट्यानं जायचं. पुढच्या बारा दिवसांत माझी सात वेळा निघाली. मला अजूनही संशय आहे.

मातारांकाला बिटर स्प्रिंग्ज म्हणून कोमट पाण्याचे झरे आहेत, ३४ अंशांच्या आसपास. फोमची नळी काखेत धरून तरंगत प्रवाहाबरोबर खाली जायचं, शिडीनं वर यायचं, परत जायचं. तिथे दुसऱ्या फेरीला, ज्याच्याशी भांडलो होतो त्या मित्रानं मला ‘सॉरी’ म्हटलं, तिसऱ्या फेरीला मी त्याला. आहेराचा विषय मात्र तसाच आहे.

* * *

सांगलीकर :

आम्ही कृष्णाकाठचे. मगर आम्हाला कुणी दाखवायची गरज नाही, या घमेंडीत डार्विनच्या पूर्वेला काकाडू नॅशनल पार्कमध्ये गेलो. काहिल्स क्रॉसिंग म्हणून ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरचा एक फरशीपूल आहे, भरतीचं पाणी त्यावरून वाहतं. वरच्या ओट्यावर उभं राहून मोजल्या, सतरा. पाणी चढताना मासे पुलावरून ढकलले जातात आणि त्या तोंड उघडून रांगेत थांबलेल्या असतात, रेशनच्या दुकानासारख्या.

नदीला अ‍ॅलिगेटर नाव दिलं, पण ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिगेटर नाहीतच. आहेत त्या मगरी, दोन जातींच्या. गोड्या पाण्यातली निमुळत्या तोंडाची, आपल्या सुसरीची आठवण करून देणारी. आणि खाऱ्या पाण्यातली, जिला ‘सॉल्टी’ म्हणतात आणि जी गोड्या पाण्यातही मजेत राहते. नावावर जाऊ नका. पाण्यापासून पाच मीटर लांब उभं राहायचं, मुक्काम पन्नास मीटर लांब करायचा, आणि मुख्य म्हणजे रोज त्याच वेळी त्याच जागी पाण्याशी जायचं नाही. ती बघून ठेवते.

आमच्या मित्राला पहाटे नदीवर भांडी घासायची हौस होती, गावची सवय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या बाई शांतपणे म्हणाल्या, तुम्ही कालही इथेच बसला होता. त्यानंतर ब्रूमपर्यंत त्यानं भांड्याला हात लावला नाही. कारण मिळालं ना!

* * *

वसईवाली :

थोडंसंच. किंबर्लीत, म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात शिरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोट सुटलेली, पानं झडलेली झाडं दिसायला लागली आणि मी ओरडले, गोरखचिंच! लहानपणी किल्ल्याकडे जाताना आम्ही तिच्या बुंध्यामागे लपायचो. तिथे तिला बोआब म्हणतात. आपली आफ्रिकेकडची आणि ही तिची ऑस्ट्रेलियातली बहीण, जात वेगळी, पण बांधा तोच. माझ्या मैत्रिणींना मी बुंध्याला मिठी मारून का उभी आहे ते कळेना.

आणि रात्री ध्रुव नाही. माहीत असतं, पण मान वर करून शोधला जातोच. जूनमध्ये संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला खाली, जमिनीलगत उलटे लटकलेले होते.

* * *

एक मिरजेचा मेकॅनिक :

मी गाड्यांतला माणूस, तरी फसलो. स्टुअर्ट हायवेवरच्या थ्री वेज नावाच्या तिठ्यापासून पूर्वेला बार्कलीचा माळ लागतो, पुढचा पेट्रोल पंप पावणेदोनशे किलोमीटरच्या वर. मित्राची कॅरॅव्हॅन, कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली. नव्वद किलोमीटर झाल्यावर मागून जळक्या ग्रीसचा वास आला. उतरून बघतो तर डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, पाणी शिंपडलं तर चर्र झालं, तव्यावर होतं तसं.

मोबाइलला रेंज नाही. सावली म्हणजे कॅरॅव्हॅनची, ती दर अर्ध्या तासाला सरकणार आणि आम्ही तिच्याबरोबर खुर्च्या सरकवणार. आम्ही पाच, पाणी चाळीस लिटर. हा आकडा मी मुद्दाम लिहितोय, कारण निघताना ‘एवढं कशाला’ म्हणून मीच वाद घातला होता. दोघांचं म्हणणं पडलं की कुणी तरी चालत पुढे जाऊन बघावं. बार्कलीवर चालत कुठे जाणार? सपाट गवत, त्याला शेवटच नाही. गाडी सोडायची नाही हा तिथला पहिला नियम, आणि तो मी शिव्या घालून पाळायला लावला.

माशांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. घाम टिपायला त्या डोळ्यांच्या कोपऱ्यात येतात. बोलायला तोंड उघडलं की एक आत. त्यामुळे भांडण लवकर मिटलं.

चार तासांत सात गाड्या गेल्या आणि सातही थांबल्या. हे मला भारी वाटलं. पहिलीनं बर्फ दिला, तिसरीनं पुढे निरोप पोचवायचं कबूल केलं. सातवीत सत्तरीचं जोडपं, त्यांच्याकडे बेअरिंगचा अख्खा सेट, ग्रीसचा डबा आणि पत्र्याची पेटी. बाईंनी जॅक लावला, नवऱ्यानं टॉर्च धरला. मी मदत करायला गेलो तर म्हणाल्या, तू सावलीत बस. साइझ जुळत होता हे आमचं नशीब.

जाताना त्यांनी सांगितलं ते आता मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. दर थांब्यावर उतरलास की आधी प्रत्येक हबजवळ तळहात ने. कोमट असेल तर चहा प्यायला जा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर चहा राहू दे. पैसे घेतले नाहीत, लसणाची चटणी घेतली.

* * *

पर्थकर :

वरचा कढीपत्ता वाचून लिहितेय. आम्ही चुकीच्या ऋतूत गेलो, ऑक्टोबरच्या शेवटी. पावसाआधीचे दिवस, तिथे त्याला बिल्ड-अप म्हणतात. रोज दुपारी ढग काळे होतात, गडगडतात आणि न पडता निघून जातात. कॅरॅव्हॅनमध्ये झोपणं म्हणजे कुकरात. सहा जणांत कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं.

पण तेव्हा कॅथरिनला आंबे असतात. बागांतून थेट पेटी घेतली. हापूसशी तुलना केली की भांडण होतं, तेव्हा ते सोडा. रसाळ होते, पिवळे, देठाशी लाली. खात-खात सीमेपाशी आलो तरी अठरा उरले. फेकायचे? चौकीच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, बॉनेटवर टॉवेल पसरला आणि सहा जण तीन-तीन आंबे चोखत उभे राहिलो. कोपरापर्यंत रस. तीन दिवसांनी पहिल्यांदा सगळे एकत्र हसले.

चौकीवरच्या माणसानं आमचे हात बघितले, टॉवेल बघितला, विचारलं, बाठे कुठे? पिशवी पुढे केली. त्यानं मोजले, सतरा. मग सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. परसात लावायला म्हणून त्यानं एक धुऊन शर्टाच्या खिशात ठेवला होता, आणि खिशाला पिवळा डाग पडला होता.