चौघांचं किराणा-भाजी-दूध ९,००० रुपयांत, तेही सकस: कात्री कुठे लावायची?

खाडीपलीकडे

राहायला ऐरोलीत. घरात दोन मोठी माणसं आणि दोन मुलं, वयं ६ आणि ११. किराणा, भाजी, दूध, अंडी धरून महिन्याला ९,००० च्या आत बसवायचंय, सध्या ११,५०० जातात. अंडी-मासे चालतात, चिकन क्वचित. पनीर, ओट्स, बदाम आणायला लागलं की बजेट बोंबलतं, आणि बंद केलं की ताटात भात-बटाटाच उरतो. कुठे कात्री लावायची आणि कशाला हात लावायचा नाही? तुर्भ्याला एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, जाऊन भाजी आणणं परवडतं का? कार्ड केशरी आहे. सकाळी वेळ कमी असतो.

वजनकाटा

आधी प्रथिनांचा हिशेब करा, पैसा जास्त तिथेच सांडतो. किलोचा भाव न बघता १० ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात ते काढायचं. खालचे भाव मी अंदाजे धरलेत, तुमच्या दुकानाचे घालून बघा.

सोया वडी १४० रुपये किलो, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं साधारण ५२ ग्रॅम. म्हणजे १० ग्रॅम पावणेतीन रुपयांत. मसूर डाळ १०० रुपये किलो, २४ ग्रॅम: सव्वाचार रुपये. शेंगदाणे १५० रुपये किलो: सहा रुपये. अंडं सात रुपयांचं, त्यात सहा ग्रॅम: साडेअकरा रुपये. दूध ६० रुपये लिटर: जवळपास १९. पनीर ४०० रुपये किलो: २२ च्या आसपास. पनीर वाईट नाही, पण मसूर डाळीच्या पाचपट दराने तीच प्रथिनं घेताय.

मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २,००० कॅलरींच्या ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत, भाज्या ४०० ग्रॅम. तुम्हा दोघांना ८५ आणि मुलांना ५०-६० धरलं तर महिन्याला साडेआठ किलो डाळी-कडधान्यं होतात. हजार रुपयांच्या आतबाहेर. याला हात लावायचा नाही. अंडी-मासे होतील त्या दिवशी डाळ थोडी कमी चालेल, तेवढीच सूट.

कात्री तेलाला लावा. त्याच ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. चार मोठी माणसं धरली तरी महिन्याला साडेतीन लिटर, मुलं असल्यावर तीन पुरे. महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर ते तेल कुठल्या कढईत जातंय ते बघा. पिशवी घेताना निव्वळ वजन वाचा: लिटरभर तेल ९१० ग्रॅम भरतं, आणि शेजारी तशीच दिसणारी ७५० किंवा ८५० ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते. पाकिटावर प्रतिलिटर किंवा प्रतिकिलो किंमत बारीक अक्षरात छापलेली असते, तुलना तिची करायची.

दूध फुल क्रीमऐवजी टोन्ड घ्या. फॅट ६ टक्क्यांवरून ३ वर येतं, प्रथिनं आणि कॅल्शियम जवळपास तेवढंच राहतं. दही विकत आणू नका. लिटरभर दुधाचं जवळपास किलोभर दही घरी लागतं.

पोळपाट

वरचा हिशेब पटला, पण साडेआठ किलो कडधान्यं घरात आणणं सोपं, रोज पोटात घालणं अवघड. वेळ कमी असेल तर रविवारी दोन प्रकारची एकदम भिजवा. चवळी, छोले, राजमा शिजवून गार करा आणि एका वेळेच्या मापाने डब्यांत भरून फ्रीझरला टाका. सकाळी फक्त फोडणी. राजमा मात्र आधी खळखळून दहा मिनिटं उकळलाच पाहिजे. अर्धाकच्चा राहिला तर उलट्या होतात.

कडधान्य तीन-चार शिट्ट्या होऊनही टणक राहिलं तर एक तर माल जुना, नाही तर पाणी जड. ठाण्यात घोडबंदर रोडला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत दुसरं कारण जास्त. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे साल मऊ पडत नाही. भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या, भिजवताना चमचाभर मीठ घाला. चिंच, टोमॅटो, आमसूल शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा अडून बसतो. सोडा टाकला तर शिजेल, पण ब-१ जीवनसत्त्व जातं.

गव्हाबरोबर एक भाकरीचं धान्य ठेवा. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं, मुलांना उपयोगी. बाजरी स्वस्त दिसली म्हणून पाच किलो एकदम दळून आणू नका. तिच्यात स्निग्धांश जास्त, आठ-दहा दिवसांत पीठ कडू होतं. दोन किलोच दळा. ओट्सचं म्हणाल तर तेवढ्या पैशात कितीतरी ज्वारी येते.

तुर्भेकर

एपीएमसी एकट्या घराला परवडत नाही. गाळ्यावर गोणी आणि क्रेटच्या हिशेबाने माल, त्यात रिक्षा. मजल्यावरची चार-पाच घरं मिळून कांदा-बटाटा-लसूण घेतला तरच फरक पडतो. तोही पावसाळ्यात नको, दमट हवेत कांदा गोणीतच मोड काढतो किंवा कुजतो. बाकी भाजी जवळच्याच बाजारातून घ्या, पण हंगाम बघून. पावसाळ्यात मेथी-कोथिंबिरीची जुडी महाग आणि निम्मी चिखल. तेव्हा लाल भोपळा, दुधी, पडवळ, शिराळी घ्यावीत. जुलैत ठाण्यात जांभळी नाक्याच्या आसपास आदिवासी बाया टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या आणतात, त्या जरूर घ्या. शेवळं ही रानभाजी घेतलीत तर सोबत काकडंही (आंबट रानफळं) मागून घ्या, नसतील तर चिंच भरपूर. नुसती केली तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव घेणार नाही.

मासे चालतात म्हणालात, तर पापलेट-सुरमई सोडून बांगडा, तारली, मांदेली. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यासाठी मे महिन्यातच सुकट भरून ठेवायची. सुका जवळा घेताना मुठीत दाबून बघा: कुरकुरला पाहिजे, बोटांना चिकटला तर ओला आहे, डब्यात बुरशी धरेल. नाकात झणका आला तर घेऊच नका. घरी आणून एक ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. करताना तव्यावर कोरडा भाजा, पाण्यात दोनदा खळबळा म्हणजे वाळू तळाशी बसते, मग कांद्यावर परता. चौघांना ४० ग्रॅम पुरतो, मीठ चव बघून. अख्खा सालासकट खाल्ला जातो म्हणून कॅल्शियमही मिळतं.

केशरी कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' शिक्का असेल तर माणशी ५ किलो धान्य मोफत आहे. कार्ड गावचं असलं तरी इथल्या दुकानात अंगठा देऊन मिळतं. शिक्का नसेल तर त्या भरवशावर बजेट आखू नका. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे, पाण्यावर तरंगणारे दाणे दिसले तर ते प्लास्टिक नव्हे. लोह, फॉलिक ॲसिड, ब-१२ घातलेले दाणे आहेत ते, निवडून टाकू नका. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

खाडीपलीकडे

धन्यवाद सगळ्यांना. तेल खरंच पाच लिटर जातंय. दोन अडचणी: मोड आणलेल्या मटकीला हल्ली वास येतो, आणि सोया वडी मुलं तोंडात धरत नाहीत.

पोळपाट

वास येतो तो पाणी साचल्याने. या हवेत मटकी सहा-सात तासांच्या वर भिजवू नका. चाळणीत पूर्ण निथळा, कोरड्या फडक्यात सैल बांधा आणि वारा लागेल अशी टांगा, बंद डब्यात नको. मध्ये एकदा धुऊन पुन्हा निथळा. दाण्याला चिकट तार आली तर फेकून द्या, उकळून वाचवायला जाऊ नका. मोड नखाएवढे आले की लगेच फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.

सोयाचा उग्रपणा पाण्यात उतरतो. उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं, घट्ट पिळा, गार पाण्यातून काढून परत पिळा. अख्खी वडी वाढू नका. मिक्सरला एक फेरा देऊन खिमा करा आणि बटाट्याच्या पराठ्याच्या सारणात निम्मा मिसळा. चौघांना ६० ग्रॅम कोरडी वडी पुरे, आठवड्यातून दोनदा. रोज केलीत तर मोठेही ताट सरकवतील.

वजनकाटा

आणि उसळीवर लिंबू पिळायचं, चहा जेवणानंतर तासाभराने. उसळीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते, चहा आडवा येतो. अर्ध्या लिंबात काम होतं. तेलाचा कॅन पाचऐवजी तीन लिटरचा आणा आणि रोजच्या वापराचं वेगळ्या बाटलीत काढून ठेवा: आठवड्याला ७०० मिली, संपलं की पुढच्या सोमवारपर्यंत भाजलेलं आणि उकडलेलं.