मदत हवी आहे : पुण्यात शनिवार-रविवार खरंखुरं काम देणारी संस्था (वर्गणी गोळा करायची नाही!)

बार्शीकर_पोरगा

नमस्कार मंडळी. मी मूळचा बार्शीचा, सध्या पुण्यात एस.वाय. बी.कॉम.ला आहे, शिवाजीनगरला तिघं मिळून रूम करून राहतो. आधी खरं काय ते सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी उपदेश करायला नको. नवीन शैक्षणिक धोरणात आमच्या कॉलेजात ते कम्युनिटी एंगेजमेंटचं प्रोजेक्ट आलंय, सगळे सीईपी म्हणतात त्याला. एखाद्या संस्थेबरोबर काम करायचं, रिपोर्ट लिहायचा आणि संस्थेचं सही-शिक्क्याचं पत्र लावायचं. वर्गातले अर्धे जण काकाच्या नाहीतर मामाच्या मंडळाचं पत्र आणून मोकळे झाले. मला तसं करायचं नाहीये, कारण एकदा हात पोळलाय.

झालं असं की मागच्या सुट्टीत एका अॅपवर 'सोशल इंटर्नशिप' दिसली, ३० दिवस, घरून काम, सर्टिफिकेट. मला वाटलं गरीब मुलांना ऑनलाइन शिकवायचं असेल. पहिल्याच दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं आणि एक लिंक दिली, की यावर ५००० रुपये जमा करा, जेवढे जास्त तेवढं 'परफॉर्मन्स'चं सर्टिफिकेट भारी. मी मूर्खासारखा सगळ्या नातेवाईकांना ती लिंक पाठवली, मामाने ५०० टाकले, शेजारच्या काकूंनी १०० टाकले, बाकीच्यांनी निळी टिक करून सोडून दिलं. महिनाभरात एक मूल नाही की एक शाळा नाही, दिसला तो फक्त ग्रुपवरचा लीडरबोर्ड. टार्गेट नाही झालं म्हणून सर्टिफिकेट पण नाही. दिवाळीला घरी गेलो तर चुलत भाऊ सगळ्यांसमोर म्हणतो, काय, यंदा पावतीपुस्तक घेऊन आलास का? तेव्हापासून डोक्यात बसलंय की एकदा तरी नीट काम करायचं.

तर प्रश्न असे की (१) शनिवारी दुपारी दोननंतर किंवा रविवारी जमेल असं कुठे काय आहे, (२) मला विशेष काही येत नाही, इंग्रजी यथातथाच, टॅली आणि एक्सेल येतं, गाडी नाही म्हणजे पीएमटीने जाता आलं पाहिजे, (३) आधी फोन करायचा का सरळ जाऊन उभं राहायचं, (४) संस्था खरी आहे का हे आधी कसं कळणार. आणि पत्र मिळालं तर बरं, नाही मिळालं तर बघू.

जुना_एनएसएसवाला

अरे पहिला प्रश्न, कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे का? बहुतेक असतंच, आणि बहुतेकांना ते फक्त २ ऑक्टोबरला झाडू मारताना फोटो काढणारं खातं वाटतं. १९६९ ला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली योजना आहे ती. दोन वर्षांत २४० तास भरायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. शिबिरात शोषखड्डे खणले, गावातल्या घराघरात जाऊन सर्व्हे केला, आणि चाळीस जणांचा भात कसा लावायचा ते तिथे शिकलो, जे आजवर सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय. पण सगळं तुमच्या प्रोग्रॅम ऑफिसर सरांवर असतं, सर चांगले तर सोनं, नाहीतर नुसती हजेरी. सिनियरला विचार आधी.

पालखीच्या वेळी आणि गणपतीत मात्र माणसं कमीच पडतात. विसर्जनाला 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताया घाटावर निर्माल्य वेगळं करत असतात, फुलं एकीकडे, प्लास्टिक, थर्माकोल, कापड एकीकडे, तिथे कॉलेजची पोरं मदतीला असतात. दहा तास उभं राहायची तयारी ठेव आणि चपला घालू नको, बूट घाल.

सदाशिव_पेठी

शनिवारी दुपारी दोननंतर म्हणतोयस, पण एक ते चार पुण्यात समाजसेवाही झोपलेली असते रे. चारनंतरचं बघ.

कार्यकर्ती_आजी

वरचा विनोद सोडून दे बाळा, मी जरा सविस्तर लिहिते. मी सतरा वर्षं एका बालगृहात काम केलं, आता निवृत्त आहे. तुझ्यासारखी मुलं उत्साहाने येतात ते चांगलंच, पण आम्ही पुष्कळांना नाही म्हणायचो आणि त्यांना राग यायचा, म्हणून आतली बाजू सांगते.

एका रविवारी आमच्याकडे तीन वाढदिवस आले. म्हणजे मुलांचे नव्हेत, बाहेरच्यांचे. सकाळी केक, दुपारी केक आणि समोसे, पाच वाजता परत केक. प्रत्येक वेळी मुलांनी रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, हॅपी बर्थडे म्हणायचं. रात्री भाजी-भाकरी तशीच राहिली आणि दोन जणांना उलट्या. दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी होती, ती कोणाच्याच लक्षात नव्हती, माझ्याही.

म्हणून चांगली संस्था तुला पहिल्याच दिवशी मुलांमध्ये सोडणार नाही, आणि सोडली तर तूच शंका घे. ओळखपत्र मागतील, पोलीस व्हेरिफिकेशन सांगतील, कोणाची तरी ओळख मागतील, किमान सहा महिने येणार का विचारतील. यात अपमान नाही. आणि फोटो, रील वगैरे अजिबात नाही, बाल न्याय कायद्यात (२०१५ चा, कलम ७४) अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. तुमच्या रिपोर्टला फोटो लागत असतील तर कॉलेजला हे कलम सांग.

आता तुझं 'विशेष काही येत नाही' हे वाचून मला हसू आलं. टॅली आणि एक्सेल येणारा मुलगा दर शनिवारी दोन तास येईन म्हणाला असता तर आमच्या सचिवांनी त्याला हार घातला असता! संस्थेला देणगीदारांची माहिती १०बीडी नावाच्या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरायची असते, प्रत्येकाचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम, रोख का चेक, मग त्यावरून प्रत्येकाला १०बीई सर्टिफिकेट द्यायचं, तेव्हा त्याला ८०जी ची, म्हणजे आयकरातली सवलत मिळते. आणि पावत्या असतात हाताने लिहिलेल्या, अर्ध्यांवर पॅन नाही, एकावर नुसतं 'जोशीकाका, १००१'. मे महिन्यात त्या खोलीत कोणी यायला तयार नसतं, सगळ्यांना मुलांना गोष्ट सांगायची असते. तू विचारताना "मी काय शिकवू" असं विचारू नकोस, "तुमचं कुठलं काम रखडलंय" असं विचार.

फोन आधीच करायचा. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला. रविवारी अचानक जाऊन उभं राहू नये.

टेकडीवरचा

प्रश्न ४ चं उत्तर. महाराष्ट्रात ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, नोंदणी क्रमांक पावतीवर, लेटरहेडवर दिसलाच पाहिजे. शिवाय नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर शोधून बघ. पण कागद बरोबर असले म्हणजे काम बरोबर असं नाही, तुझ्या त्या लिंकवाल्यांचेही कागद असतील चोख. माझी साधी कसोटी अशी की ज्यांच्यासाठी काम चालतं ती माणसं तुला बघायला मिळतात का आणि पहिल्या दोन भेटींत कोणी पैशाचा विषय काढतं का.

डोअर स्टेप स्कूल बघ, बांधकामाच्या साइटवरच्या मुलांच्या शाळेचं काम करतात, पुण्यात १९९३ पासून आहेत. साइटवर जाऊन शाळेत न जाणारी मुलं शोधून यादी करायच्या कामाला त्यांना स्वयंसेवक लागतात. यादी करणं ऐकायला सोपं वाटतं पण मुकादम आत सोडत नाही, मग बाहेर चहा पीत बसायचं, मग त्यालाच चहा पाजायचा, मग तो सोडतो.

वऱ्हाडी_ठेचा

पुण्यातलंच पाहिजे का? मे महिन्यात ८ दिवस काढता येत असतील तर सोमनाथला जाऊन ये. आनंदवनवाल्यांची श्रमसंस्कार छावणी, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ, दरवर्षी १५ ते २२ मे. बाबा आमट्यांनी सुरू केलेली. सकाळी कुदळ-फावडं, दुपारी चर्चा, संध्याकाळी गाणी. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय ते तुमच्या सोलापूरवाल्यांना सांगायला नको, पण तरी टोपी आण. मी गेलो तेव्हा पहिल्या दिवशी हाताला फोड आले आणि तिसऱ्या दिवशी ते कोणाला दाखवायची लाज वाटायला लागली कारण शेजारी काम करणाऱ्याच्या हाताला बोटं पूर्ण नव्हती. सीईपीचे तास भरतील का माहीत नाही, ते तुझं तू बघ.

मीराबाग

मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. बार्शीकर, तुला वाचता येतं ना? मग झालं की. पुण्यात शिकायला आलेली खूप अंध मुलं आहेत आणि सगळ्यांना दोन गोष्टी लागतात, रीडर आणि रायटर.

रायटर म्हणजे परीक्षेचा लेखनिक. त्याची अट अशी असते की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला पाहिजे, दहावीच्या पेपरला नववीचा वगैरे. तू एस.वाय.ला म्हणजे टी.वाय.वाल्यांना चालशील का ते त्या त्या विद्यापीठाचे नियम बघून ठरेल, आधी विचारून घ्यायचं. तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास, तेवढा वेळ काढून ये. आणि कृपा करून आदल्या रात्री "सॉरी ताई गावाला जातोय" असा मेसेज करू नको. माझ्या बाबतीत दोनदा झालंय. एकदा माझ्या मैत्रिणीचा भाऊ झोपेतून उठून आला होता, त्याचं अक्षर अजून माझ्या मार्कलिस्टवर दिसतं.

रीडर म्हणजे पुस्तकं, नोट्स वाचून रेकॉर्ड करून देणं. तुम्हाला वाटतं आता सगळं मोबाइल वाचतो. छापील इंग्रजी बऱ्यापैकी वाचतो. सुगम्य पुस्तकालय ही आमच्यासाठीची ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ पासून, त्यात पुष्कळ पुस्तकं मिळतात. पण आमच्या सरांनी फळ्यावर लिहिलेलं, झेरॉक्सची झेरॉक्स, पेनने खाडाखोड केलेल्या मराठी नोट्स, हे कुठलं अॅप वाचणार? निवांत अंध मुक्त विकासालय आहे विद्यानगरला, तिथे विचार, किंवा सरळ तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत विचार, तिथेच कोणीतरी वाट बघत बसलेलं असेल.

बार्शीकर_पोरगा

सगळ्यांना लै लै धन्यवाद, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आजी, 'जोशीकाका १००१' वाचून रूमवर तिघंही हसलो. मीराबाग ताई, लायब्ररीत विचारतो सोमवारी.

बार्शीकर_पोरगा (तीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायला उशीर झाला, इंटर्नल होत्या. ताई म्हणाल्या तसंच झालं, लायब्ररीयन मॅडमनी लगेच एक जण सांगितला, आमच्याच कॉलेजात एफ.वाय.ला, आमच्याच विंगमध्ये क्लास, आणि मी वर्षभर त्याच्या बाजूने गेलोय. हॉस्टेलवर राहतो. दोन शनिवार झाले, चार ते साडेसहा बसतो आम्ही. पहिल्या दिवशी मी आपला एकेक शब्द सुट्टा करून आकाशवाणीसारखा वाचायला लागलो तर म्हणतो, दादा तू फार हळू वाचतोस, मी मोबाइल याच्या तिप्पट स्पीडला ऐकतो. त्याचा फोन बोलतो ते मला कळतच नाही, नुसतं चिर्र्र होतं. आणि मी न आणि ण मध्ये घोळ घालतो हे मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. 'भांडवलावरील व्याज' तो माझ्या आवाजात म्हणून दाखवतो आणि हॉस्टेलची सगळी पोरं हसतात.

इकॉनॉमिक्सची तीन प्रकरणं झाली. सीईपीच्या मॅडम म्हणाल्या एका विद्यार्थ्याला मदत म्हणजे कम्युनिटी होत नाही, संस्थेचं पत्र पाहिजे, त्यामुळे त्यासाठी दुसरीकडे फोन केलाय (मंगळवारी, अकरा वाजता!), पावत्यांचंच काम आहे.

पण आता नवीन अडचण. अकाउंट्स. बॅलन्स शीट वाचून कसं दाखवायचं? मी डावीकडून उजवीकडे वाचत गेलो, "भांडवल दोन लाख, इमारत दीड लाख, धनको चाळीस हजार, यंत्रसामग्री साठ हजार", पाचव्या ओळीला तो म्हणाला थांब, यातलं देणं कुठलं आणि मालमत्ता कुठली? मला पण सांगता येईना. त्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

मीराबाग

आडवं वाचायचंच नाही. आधी सांग की दोन बाजू आहेत, प्रत्येक बाजूला किती रकाने आणि त्यांचे मथळे काय. मग देयता बाजू पूर्ण, वरून खाली, नाव आणि आकडा, नाव आणि आकडा. आतल्या रकान्यातला आकडा असेल तर 'आत' म्हण, बाहेरचा असेल तर 'बाहेर'. "यातून वजा" असेल तर तो शब्द आकड्याच्या आधी, नंतर नाही. बेरीज सांगून थांब. मग मालमत्ता बाजू. लेजरलाही तेच, नावे बाजू संपल्याशिवाय जमेला हात लावायचा नाही.

आणि तुला एक्सेल येतं ना रे? मग वाचतोस कशाला, टाइप कर. स्क्रीन रीडर एकेक सेल वाचतो, तो बाण दाबत स्वतः खालीवर फिरेल, पाहिजे तेवढ्या वेळा. फक्त सेल मर्ज करू नको आणि सजावटीसाठी मध्ये रिकाम्या ओळी सोडू नको, आम्ही त्यात हरवतो.

बार्शीकर_पोरगा

आयला, एक्सेलचं डोक्यातच आलं नाही. काल रात्री बसलो, एक गणित टाइप करायला चाळीस मिनिटं लागली कारण सवयीने हेडिंग मर्ज करत होतो. अशी बावीस गणितं आहेत आणि ती पण सरांच्या अक्षरात. कोणाला रविवारी दोन तास असतील आणि अकाउंट्स येत असेल तर मेसेज करा, मी पानांचे फोटो पाठवतो, चार-चार वाटून घेऊ. वर्गणी मागत नाहीये, घाबरू नका.

सदाशिव_पेठी

चार पाठव. एक ते चारमध्ये करतो.